चुकांचा तास बंद करू नका: आमच्या संघटनेच्या कार्यकारिणीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

संघटनेचं नाव या पत्रात मी मुद्दाम लिहिलेलं नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, आणि पत्र कुणासाठी आहे ते तुम्हाला लगेच कळेल. तरी ते खुलं ठेवलंय. आपल्यावर भरवसा ठेवून जी माणसं आपल्या टेबलावर डोळे मिटून पडतात, त्यांच्याही कानावर हे जायला हवं.

गेल्या महिन्यात ग्रुपवर तुमचं परिपत्रक आलं. सुगंधोपचार (अरोमाथेरपी, म्हणजे वनस्पतींच्या सुगंधी तेलांचा मसाज) करणाऱ्यांसाठीचं दोन दिवसांचं वार्षिक उजळणी शिबिर यंदापासून बंद. फी भरल्याची पावती पाठवली की दाखल्याचं नूतनीकरण होणार. शिबिराच्या जागी एका तेल कंपनीचा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम, दुपारचं जेवण आणि दहा बाटल्यांचा किट मोफत. परिपत्रकाखाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या रात्री मीही गप्प बसले. चार दिवसांनी सचिवांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, लोक येतच नाहीत हो. हॉलचं भाडं अंगावर पडतं. आणि लग्नसराईच्या तोंडावर दोन दिवस सेंटर बंद ठेवायला सांगायचं म्हणजे मुलींच्या पोटावर पाय."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. गेल्या वर्षीच्या शिबिराला आपण जेमतेम २३ जण होतो, त्यातले चार जेवणानंतर निघून गेले. तुमची अडचण मला दिसते. तरीही हा निर्णय मला मान्य नाही. का नाही, ते सांगायचं तर आधी माझी एक चूक सांगावी लागेल.

मी १८ वर्षं सांगलीच्या विश्रामबागेत हे काम करते. त्याआधी मिरजेत एका दवाखान्यात मदतनीस होते. दोन टेबलं, हाताखाली एक मुलगी आणि मागच्या खोलीत तेलांचं कपाट, एवढाच माझा पसारा. २०१४ च्या पावसाळ्यात माधवनगरहून एक काकू यायला लागल्या. साठी ओलांडलेली, दोन्ही गुडघे धरलेले. रिक्षातून उतरताना आधी छत्री बाहेर यायची, मग काठी, मग काकू. मी विचारलं, बीपी-शुगर काही? त्या म्हणाल्या, बीपीची गोळी घेते. माझी चौकशी तिथंच संपली. तिळाच्या तेलात गंधपुरा (विंटरग्रीन), निलगिरी आणि आल्याचं तेल घालून मी ब्लेंड, म्हणजे मिश्रण केलं. थेंब मोजले नाहीत. हाताला सवय झाली होती, वासावरून अंदाज यायचा. काकूंना दोन सिटिंगमध्ये बरं वाटलं. त्यांनी घरी लावायला बाटली मागितली. मी १०० मिलीची भरून दिली आणि सांगितलं, सकाळ-संध्याकाळ चोळत जा.

तिसऱ्या आठवड्यात त्यांची सून एकटीच आली. मोबाइलवर फोटो दाखवला. काकूंच्या पोटऱ्यांवर आणि मांड्यांवर जांभळे-काळे डाग, कुणी काठीनं मारल्यासारखे. दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं. मिरजेला नेलं तेव्हा तपासायला वाकलेले डॉक्टर थांबले आणि म्हणाले, हा वास कसला येतोय? काकूंच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेलं होतं आणि त्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफरीनची गोळी कायमची चालू होती. बीपीची म्हणून त्यांनी मला सांगितली त्याच डबीत ती दुसरी गोळी होती.

गंधपुऱ्याचं तेल म्हणजे जवळजवळ सगळंच मिथाइल सॅलिसिलेट. ॲस्पिरीनच्याच कुळातलं. पोटात गेलं तर चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, साधारण ७ ग्रॅम ॲस्पिरीनच्या बरोबरीचा भरतो. मोठ्या माणसाच्या वीस गोळ्यांहून जास्त. कातडीतूनही ते आत जातं, आणि वॉरफरीन चालू असलेल्या माणसाचं रक्त त्यानं आणखी पातळ होतं. आपल्याकडे ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, घराघरांत सांधेदुखीला लावतात, म्हणून त्याची भीतीच मेलेली आहे. माझीही मेली होती.

काकू बऱ्या झाल्या. रागावल्या नाहीत. दिवाळीला त्यांनी सुनेच्या हातून फराळाचा डबा पाठवला. तो मी दोन दिवस उघडू शकले नाही.

त्या वर्षीच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीसारखा चुकांचा तास झाला. नव्या सभासदांसाठी सांगते, कारण परिपत्रकात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. फोन एका टोपलीत जमा करायचे. दार लावून घ्यायचं. प्रत्येकानं वर्षभरात आपल्या हातून काय बिघडलं ते नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या, आणि एका जाणत्या माणसानं एकेक मोठ्यानं वाचायची. मग त्यावर बोलणं. कुणी कुणाला बोल लावायचा नाही, एवढा एकच नियम. आपल्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी ही पद्धत घातली, त्या आता नाहीत. त्या दिवशी माझी चिठ्ठी वाचली गेली आणि खोलीत शांतता पसरली. मग इस्लामपूरकडच्या एकजण म्हणाल्या, माझ्याकडेही असंच झालं, पण मला वाटलं बाई कुठं तरी पडली असेल. त्यांच्या मागून तिसरीनं हात वर केला. तीन सेंटरमध्ये तीच चूक झाली होती आणि प्रत्येकीला ती आपल्या एकटीचीच वाटत होती.

आपल्या चौकशीच्या फॉर्मवर आज सगळ्यात वर ओळ आहे: चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत आणावी. ती ओळ त्या तासाला जन्मली. माणूस गोळीचं नाव विसरतो, कधी मुद्दाम सांगत नाही, पण पिशवी उघडली की सगळं टेबलावर येतं. ही युक्ती कुठल्याही कोर्समध्ये मला कुणी शिकवली नव्हती. पुण्याला मी जो कोर्स केला, त्याचा दाखला सोनेरी कडेचा आहे आणि सुरक्षिततेवर त्यात अर्ध्या पानाच्या नोट्स होत्या.

म्हणून माझी पहिली तक्रार ही की शिबिर बंद करताना तुम्ही त्यासोबत काय बंद करताय, याचा विचार झालेला दिसत नाही. तेलांचे गुणधर्म पुस्तकात मिळतील, मसाजचे हात व्हिडिओत दिसतील. बिघडलेलं काम कुणी व्हिडिओत दाखवत नाही. ते फक्त बंद दाराआड, आपल्याच माणसांत बोललं जातं.

त्या डब्यातून आणखी काय काय निघालं, ते आठवून बघा. तासगावकडची एक बाई, द्राक्षबागेत कामाला जाणारी. लग्नाला जायचं म्हणून आदल्या दिवशी मान-खांद्याचा मसाज करून घेतला, ब्लेंडमध्ये बर्गमॉट, म्हणजे लिंबाच्या जातीच्या एका फळाचं तेल होतं. सकाळी बागेत गेली, दुपारपर्यंत मानेवर भाजल्यासारखे फोड, नंतर तपकिरी ओघळ, आणि ते डाग कित्येक महिने गेले नाहीत. साल दाबून काढलेल्या बर्गमॉटच्या तेलात बर्गॅप्टेन असतं, ते कातडीवर असताना ऊन लागलं की जळतं. अंगाला लावायच्या तेलात त्याची मर्यादा ०.४ टक्के आहे. म्हणजे ३० मिलीत साधारण दोन थेंब. त्याहून जास्त असेल तर पुढचे १२ तास ऊन लागता कामा नये. लिंबाच्या सालीच्या तेलालाही अशीच मर्यादा आहे, गोड संत्र्याच्या तेलाला तो धोका नाही. मुंबई-पुण्यात वातानुकूलित खोलीतून वातानुकूलित गाडीत बसणाऱ्या बाईला हे विचारलं नाही तर कदाचित निभावेल. आपल्या जिल्ह्यात अर्धी गिऱ्हाइकं रानात जाणारी आहेत. "उद्या उन्हात काम आहे का?" हा प्रश्न आपल्या फॉर्मवर आधीपासूनच असायला हवा होता, पण तो त्या चिठ्ठीमुळं आला.

दुसरी एक चिठ्ठी बाळाची होती. सर्दी झाली म्हणून आईनं आपल्या सभासदाकडून निलगिरीची बाटली नेली आणि सहा महिन्यांच्या बाळाच्या नाकाखाली लावली. बाळाला श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, रात्री दवाखाना गाठावा लागला. निलगिरी आणि कापूर यांनी फिट येऊ शकते, लहानांना तर थोड्याशा मात्रेतही, आणि नुसत्या वरून लावण्यानं किंवा वासानं मोठ्यांनाही येऊ शकते. बेंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवून दाखवलेत. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत कापराची पुरचुंडी असतेच, वर आपण निलगिरी दिली तर काय होईल, हा विचार बाटली विकणाऱ्यानं करायचा नाही तर कुणी करायचा?

आता त्या कंपनीच्या कार्यक्रमाबद्दल.

अशा एका कार्यक्रमाला मी दोन वर्षांपूर्वी बसून आलेय, कोल्हापूरला. कंपनी कुठली हे महत्त्वाचं नाही. व्यासपीठावर एक गोड बोलणारी मुलगी होती. तिनं काचेच्या जगमध्ये पाणी घेतलं, त्यात लिंबाच्या तेलाचे थेंब टाकले आणि छोट्या पेल्यांतून सगळ्यांना प्यायला दिलं. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, आणि पहिल्या घोटालाच जसंच्या तसं ओठांना, घशाला लागतं, हे तिला कुणी सांगितलेलं नसावं. तिचा दोष मी मानत नाही, तिला विक्रीचं शिकवलं होतं. मग ती म्हणाली की आमचं तेल इतकं शुद्ध आहे की पातळ न करता थेट कातडीवर लावलं तरी चालतं. माझ्या शेजारी बसलेल्या पोरीनं हे वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. ती वही घेऊन ती गावी गेली असेल.

शुद्ध आहे म्हणून सौम्य आहे, हे कुठून आलं? दालचिनीच्या सालीचं तेल कितीही शुद्ध असलं तरी अंगाला लावायच्या तेलात ०.०७ टक्क्यांच्या वर नको. ३० मिलीत अर्धा थेंबही नाही. आधी वेगळ्या बाटलीत पातळ करून घेतल्याशिवाय ते मोजताच येत नाही. लवंगेच्या कळीच्या तेलाला अर्धा टक्का, गवती चहाच्या तेलाला ०.७ टक्के. साधा हिशेब असा की १ मिलीत साधारण २० थेंब, म्हणजे ३० मिलीचे ६०० आणि दोन टक्के म्हणजे १२ थेंब. त्यातही बाटलीच्या तोंडाप्रमाणं थेंब लहान-मोठा होतो, वाळ्याच्या जाड तेलाचा थेंब वेगळा आणि संत्र्याच्या पातळ तेलाचा वेगळा. हा हिशेब आपल्या शिबिरात फळ्यावर मांडून, प्रत्येकाच्या हातात ड्रॉपर देऊन करून घेतला जायचा. कंपनीच्या कार्यक्रमात कमी वापरा असं कोण सांगणार? बाटली लवकर संपण्यात ज्याचा फायदा आहे, त्याच्याकडून आपण मात्रा शिकायची, हे मला पटत नाही.

त्याच कार्यक्रमात शुगर, बीपी, थायरॉइड, सगळ्यांवर एकेक ब्लेंड सांगितला गेला, आणि तो आपापल्या बोर्डावर लिहा असंही. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा अशा जाहिरातींना मनाई करतो. त्याच्या यादीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, कॅन्सर आहे, अर्धांगवायू आहे. बोर्ड आपल्या पोरीच्या दारावर असेल आणि नोटीसही तिच्याच नावानं येईल. कंपनीची मुलगी तोवर पुढच्या गावाला गेलेली असेल.

सांगलीत आपल्याला माल पारखायचं तरी शिकवावं लागू नये. मार्केट यार्डात हळदीचा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय पोत्याला हात लावत नाही. आपण मात्र लेबलवरचं सुंदर फूल बघून बाटली घेतो. वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव आहे का, बॅच नंबर आहे का, त्या बॅचचा जीसी-एमएस तपासणी अहवाल (तेलात कोणते घटक किती आहेत ते सांगणारा) मागितला तर देतात का, हे तीन प्रश्न विचारणारे आपल्यात किती आहेत? लॅव्हेंडर एवढंच लिहिलेली बाटली लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलियाची असू शकते किंवा लॅटिफोलियाची. दुसऱ्यात कापराचा अंश बराच असतो, आणि फिटचा त्रास असलेल्या माणसासाठी हा फरक साधा नाही. २०१९ च्या महापुरानंतर मीही एकाकडून स्वस्तात चार बाटल्या घेतल्या होत्या. लेबलं नवीकोरी, झाकणाच्या आट्यांत मात्र गाळ. चारही मी गटारात ओतल्या, पण त्याच्याकडे खोकी भरलेली होती आणि ती कुणी ना कुणी घेतलीच असणार.

पाण्यात कालवलेल्या वस्तूंबद्दलही बोलायला हवं, कारण गुलाबपाणी आणि रूम स्प्रे आपण सगळेच भरून देतो, तेही जुन्या बाटल्या विसळून. २०२१ मध्ये अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांत चौघांना मेलिओइडोसिस नावाचा जंतुसंसर्ग झाला. चौघांतलं कुणी परदेशी गेलेलं नव्हतं. दोघे दगावले. शोधता शोधता एका रुग्णाच्या घरी लॅव्हेंडर-कॅमोमाइलच्या रूम स्प्रेच्या बाटलीत ते जंतू सापडले. तो स्प्रे भारतात बनलेला होता. सुगंधी तेल आहे म्हणजे जंतू जगणारच नाहीत, या समजुतीवर आपल्यातली कितीतरी सेंटर चालतात. ही गोष्ट मी गेल्या शिबिरात सांगितली तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या.

आणि आपल्या स्वतःच्या हातांचं काय? गिऱ्हाइकाला तेल आठवड्यातून एकदा लागतं, आपल्या मुलींना रोज सहा-सात तास. माझ्याकडे जतकडची एक मुलगी शिकायला होती. हुशार, हाताला नजर असलेली. सहा महिन्यांत तिच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा पडायला लागल्या. तिला वाटलं साबणानं होतंय, मला वाटलं थंडीनं. रात्री ती तूप लावून झोपायची आणि सकाळी पुन्हा उघड्या हातानं गवती चहाचं तेल कालवायची. कातडीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ॲलर्जी बसली, आता ती जाणार नाही. पुढं पुढं तिला लिंबाच्या वासाच्या भांड्यांच्या साबणानंही खाज उठायची. वयाच्या २२ व्या वर्षी तिनं हे काम सोडलं. आज ती ब्लाउज शिवते. चांगलं चाललंय तिचं, पण ती ज्या कामासाठी जतहून आली होती ते काम मी तिच्या हातातून घालवलं. माझ्या कपाटातल्या अर्ध्या बाटल्या वर्ष-दीड वर्ष उघडलेल्या होत्या, खिडकीजवळ, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात. तेल हवेनं आणि उष्णतेनं जुनं होतं. लॅव्हेंडर, टी ट्री, लिंबू-संत्र्याची तेलं विशेष करून. आणि जुनं झालेलं तेल ताज्यापेक्षा जास्त ॲलर्जी बसवतं. बाटली उघडल्याची तारीख लिहा, छोट्या बाटल्या घ्या, झाकण लगेच लावा, थंड जागी ठेवा, कालवताना हातमोजे घाला. पाच वाक्यं आहेत. तिला ती कुणी सांगितली नाहीत, कारण मलाच कुणी सांगितली नव्हती.

आता दाखल्याबद्दल. आपल्या देशात सुगंधोपचार करणाऱ्यांसाठी कायद्यानं नेमलेली परिषद नाही. डॉक्टरांना आहे, नर्सना आहे, फार्मासिस्टना आहे. आपल्याला कुणी विचारत नाही, आणि म्हणून भिंतीवर लावलेला संघटनेचा दाखला हाच लोकांसाठी एकमेव पुरावा. तो बघूनच माणूस टेबलावर पडतो. त्याला वाटतं, कुणीतरी या बाईची परीक्षा घेतली असेल. पावती पाठवून मिळालेला दाखला त्याला तसं वाटू देतो आणि आपण काहीच बोलत नाही. ब्रिटनमध्ये पूरक उपचार करणाऱ्यांची नोंदणी ऐच्छिकच आहे, तरी २००८ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या नोंदणी परिषदेत नाव ठेवायचं तर दरवर्षी १५ तास शिकल्याचा हिशेब द्यावा लागतो. आपलं शिबिर जेवणाची सुट्टी धरून त्याच्या आसपासच होतं.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

पावतीवर नूतनीकरण करण्याचा निर्णय मागे घ्या. ज्यानं वर्षभरात ठरलेले तास हजेरी लावली, त्यालाच दाखला. दोन दिवस जड जात असतील तर चार अर्धे दिवस करा, लग्नसराई सोडून, आषाढ किंवा पौषात, जेव्हा आपली सेंटर तशीही रिकामी असतात. हॉल परवडत नसेल तर माझ्या सेंटरच्या वरची खोली आहे, तिथं ३० सतरंज्या बसतात, चहा माझा.

शिकवायला विक्रेता नको. मिरज आपल्या दाराशी आहे. एक कातडीचे डॉक्टर, एक बालरोगतज्ज्ञ आणि एक औषधांच्या परस्पर परिणामांवर बोलू शकणारे फार्मासिस्ट, एवढे तिघं दोन-दोन तास आले तरी आपलं काम होईल. तेलांची पारख शिकायची तर कनौजला १९९१ मध्ये सुरू झालेलं केंद्र सरकारचं सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे, लखनौला सीमॅप ही औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर काम करणारी सरकारी संस्था आहे. दोन्हीकडे प्रशिक्षणं होतात. त्यांना पत्र लिहायला संघटनेच्या लेटरहेडचं एक पान लागेल. कंपनीचा किट ज्याला हवा त्यानं वेगळ्या दिवशी जाऊन घ्यावा, त्यावर माझा आक्षेप नाही.

चुकांचा तास तसाच चालू ठेवा, आणि त्यातून निघालेल्या गोष्टी नाव न घालता एका वहीत लिहून ती वही दरवर्षी सगळ्यांना द्या. आजवर आपण हे केलं नाही, ही तुमच्याइतकीच माझीही चूक. चौकशीचा फॉर्म सगळ्यांना सक्तीचा करा: गोळ्यांची पिशवी, गरोदरपण, फिट, दमा, ॲलर्जी, ऑपरेशन, उन्हातलं काम. नवीन तेल लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला पॅच टेस्ट आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून येणाऱ्या मुलींना एसटीचं भाडं संघटनेनं द्यावं. फीचा हिशेब तीन वर्षं वार्षिक सभेत मांडला गेलेला नाही. तो मांडा, भाड्यापुरते पैसे निघतील असा माझा अंदाज आहे.

हे होईपर्यंत मी नूतनीकरणाची फी भरणार नाही. परवा मी भिंतीवरचा दाखला उतरवला आणि त्याच खिळ्याला चौकशीचा फॉर्म अडकवला. गिऱ्हाइकांनी विचारलं तर खरं कारण सांगते. दोघीजणी दुसरीकडे गेल्या, त्याचं वाईट वाटतं, पण खोटं सांगण्यापेक्षा ते बरं.

शेवटचं. गेल्या वर्षी चिठ्ठ्या मी वाचल्या होत्या, त्यामुळे तो पत्र्याचा डबा माझ्याकडेच राहिला. हे काही जणांना ठाऊक आहे. यंदा शिबिर नाही हे कळल्यावर तीन चिठ्ठ्या माझ्या सेंटरच्या दाराखालून आत सरकवलेल्या मिळाल्या. त्यातली एक पेन्सिलीनं लिहिलेली आहे: "बाई तिसऱ्या सिटिंगला म्हणाली दुसरा महिना चालू आहे. मी दोन्ही वेळा क्लॅरी सेज घातलं होतं. तिला सांगू का? मला झोप लागत नाही."

क्लॅरी सेजचं तेल गरोदरपणात टाळायला सांगतात. चिठ्ठीवर नाव नाही, म्हणून लिहिणारीला मला फोन करता येत नाही. तिला उत्तर त्या खोलीतच मिळालं असतं. ती खोली यंदा नाही, म्हणून इथं लिहिते. बाळा, तू जी कुणी असशील, ते तेल आजच थांबव. तिला सांग. कुठलं तेल, किती मिलीत किती थेंब, कुठं लावलं, किती वेळा, सगळं कागदावर लिहून तिच्या हातात दे आणि तिच्या डॉक्टरांना दाखवायला सांग. ती रागावली तर रागावू दे, ऐकून घे. तिच्याबरोबर दवाखान्यात जायला तुला भीती वाटत असेल तर ये, मी येते सोबत. रविवार सोडून रोज सकाळी नऊपासून मी सेंटरला असते.

कळावे,
आपली,
संघटनेची एक जुनी सभासद
विश्रामबाग, सांगली